कॉलेज म्हणजे इमारत नव्हे म्हणे!

माजी विद्यार्थी मेळाव्यात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि ज्याला पाच मिनिटं दिली आहेत त्याचं पंचवीस मिनिटांचं भाषण. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात यंदाही तेच चाललं होतं आणि मी मागच्या रांगेत खारे दाणे खात बसलो होतो. या कॉलेजात मी शिकलो, नंतर तेहेतीस वर्षं इथेच भूगोल शिकवला, त्यामुळे मागची रांग हा माझा हक्क आहे. शेवटी संस्थेचे एक पदाधिकारी उठले आणि म्हणाले, "मित्रहो, कॉलेज म्हणजे दगड-विटा नव्हेत. कॉलेज म्हणजे माणसं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तो विरायच्या आत मागच्या पडद्यावर नव्या इमारतीचं चित्र आलं. सात मजले, समोरून सगळी निळी काच, तळाला रस्त्याच्या बाजूने दुकानांचे गाळे, आणि जिथे आज मैदान आहे तिथे वाहनतळ. चित्रात काचेच्या दारातून चार गोरी माणसं लॅपटॉप घेऊन बाहेर पडत होती. आमच्या तालुक्यात.

दगड-विटांना काही किंमत नसते हे पटवायला एवढ्या विटा लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांची बाजू मी वाकडी करून सांगणार नाही, कारण ती एकट्या त्यांची नाही. गावोगावच्या संस्थांच्या बैठकांत आज हाच सूर लागलेला आहे. शिक्षण गुरूच्या वाणीत असतं, चार भिंतींत नसतं. शांतिनिकेतनात मुलं झाडाखाली शिकली, आपले ऋषी तर अरण्यातच शिकवत. दगडी इमारत जुनी झाली आहे, तिची डागडुजी परवडत नाही, उद्या कोणाच्या अंगावर पडली तर जबाबदार कोण? मैदान बाजारपेठेला लागून आहे आणि वर्षभर रिकामं पडलेलं असतं. मुलं तशीही वर्गात येत नाहीत, सगळं मोबाइलवर मिळतं. राहिले विरोध करणारे. त्यांना शिक्षणाशी देणंघेणं नाही, त्यांना स्वतःचं तारुण्य जपायचंय. झालं एवढंच. ऐकताना मान डोलावीशी वाटते, कारण प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एक खडा आहे आणि भाताच्या घासात लागतो तसा तो दातांखाली आल्यावरच कळतो.

आधी ते झाड घेऊ. झाडाखाली शिकता येतं असं म्हणणाऱ्याला निदान झाड तरी लागेल की नाही? शांतिनिकेतन जिथे वसलं तो बोलपूरजवळचा माळ लाल मातीचा आणि उजाड होता. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकूर तिथे थांबले ते सातविणीच्या सावलीला, असं सांगतात. बाकीची सावली नंतरच्या माणसांनी लावली, पाणी घालून वाढवली. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये तिथे शाळा काढली आणि १९२८ मध्ये चक्क वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. म्हणजे पाव शतक झाल्यावरही त्यांना झाडं पुरेशी वाटत नव्हती. शिवाय इमारतींचा त्यांना तिटकारा होता असं कोणी समजू नये. उत्तरायण आवारात त्यांची एक सोडून पाच घरं आहेत, त्यातलं श्यामली मातीचं आहे आणि त्या मातीच्या भिंतींवर नामवंत कलावंतांचे हात फिरलेले आहेत. २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतन जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. झाडं, वाटा, घरं, मोकळी जागा हे सगळं मिळून तिथे काहीतरी घडलं, हे जगाला मान्य झालं. आमच्या पदाधिकाऱ्यांनी शांतिनिकेतनातून फक्त 'भिंती नकोत' एवढंच उचललं. झाडं मात्र तिथेच विसरून आले.

कारण नव्या नकाशात आमची पर्जन्यवृक्षांची रांग नाही. फाटकापासून मुख्य इमारतीपर्यंतची ही रांग मी विद्यार्थी म्हणून आलो तेव्हाही डोक्यावर मिटत होती. ही झाडं इथली नव्हेत, अमेरिका खंडातून आलेली, हे मीच वर्गात सांगत असे, आणि एखादा आगाऊ मुलगा विचारत असे की मग तोडायची का सर? नव्हे बाळा, तोडायची नाहीत. वर्षाच्या वर्षाला तुझ्यासारखे शंभर जण बाहेरून येतात आणि इथले होतात, तशीच ती झाली. शहरी भागातल्या झाडांसाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलं आहे. आमच्या पदाधिकाऱ्यांनी त्यावर तोडगा सांगितला: तेवढी रोपं लावू की! कुठे लावणार? वाहनतळात?

आता तो गुरुवाणीचा मुद्दा. ज्यांनी खरोखर माणसं घडवली त्यांनी जागेकडे कसं पाहिलं, हे विचारायला मी सातारला जातो. भाऊराव पाटलांइतकं 'कॉलेज म्हणजे माणसं' म्हणायचा अधिकार महाराष्ट्रात फार थोड्यांना असेल. घराघरातून मूठ मूठ धान्य गोळा करून त्यांनी मुलं शिकवली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून मंगळसूत्रसुद्धा मोडलं. या माणसाने जागेवर वेळ घालवायला नको होता, नाही का? पण त्यांनी मुलांच्या हातात कुदळ-फावडी दिली, दगड फोडायला लावले, माळावर शेती करायला लावली. 'कमवा आणि शिका' यातलं कमावणं कागदावर झालेलं नाही, जमिनीवर झालेलं आहे. रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह काय आहे? वडाचं झाड. गाळ्यांची रांग नव्हे.

किंवा तेव्हाच्या औरंगाबादला जाऊ. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये तिथे कॉलेज सुरू केलं, १९५१ मध्ये इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसवली, कॉलेजला पुढे नाव मिळालं मिलिंद आणि आवाराला नागसेनवन. घटनेच्या कामातून उसंत मिळालेल्या, प्रकृती खालावलेल्या माणसाला हे सगळं कशाला हवं होतं? शिक्षण डोक्यात असतं तर एखाद्या वाड्याच्या माडीवर वर्ग भरवता आले असते. पण ज्या मुलांना गावाच्या पाणवठ्यावर, पारावर, देवळात पाय ठेवायची मनाई होती त्यांना एक असं आवार हवं होतं जिथे 'तू इथे काय करतोयस' असं कोणी विचारणार नाही. त्या आवाराचं नाव 'वन' आहे, ही गोष्ट मला कुठल्याही शैक्षणिक धोरणाच्या अहवालापेक्षा जास्त सांगते.

आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज तर या वादाचा निकालच लावतं. येरवड्याकडची ती दगडी वास्तू जिजीभॉयांच्या देणगीतून उभी राहिली आणि १८६८ पासून तिथे कॉलेज भरू लागलं. टिळक तिथे शिकले, त्यांची खोली अजून जपलेली आहे. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केलं. शिकवणारे गेले, शिकणारे गेले. 'कॉलेज म्हणजे माणसं' हे सूत्र लावलं तर त्या दिवशी कॉलेज मेलं. मग माजी विद्यार्थी कोर्टात का गेले? देणगीच्या हेतूशी सरकार बांधलेलं आहे असं भांडत का बसले? रिकाम्या इमारतीसाठी? होय, रिकाम्या इमारतीसाठीच. १९३९ मध्ये तिथे पुन्हा दारं उघडली, संशोधन संस्था म्हणून. हसमुख सांकलिया आले, इरावती कर्वे आल्या, आणि या देशाचं पुरातत्त्व आणि मानवशास्त्र त्या आवारात पायावर उभं राहिलं. मधल्या काळात तिथे 'माणसं' नव्हती. जागा होती. जागा होती म्हणून माणसांना परत यायला ठिकाण होतं. त्या पाच वर्षांत कोणी तिथे गाळे काढले असते तर सांकलियांनी उत्खनन कुठून सुरू केलं असतं, हार्डवेअरच्या दुकानातून?

आता धोक्याची इमारत. ती धोक्याची का झाली हे मी सांगतो, कारण मी साक्षीदार आहे. छपराच्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवलं तेव्हा ते वीतभर होतं. शिडी लावून एका माणसाने पाच मिनिटांत उपटलं असतं. मी रीतसर लेखी अर्ज दिला. अर्जाला आवक क्रमांक मिळाला आणि पिंपळाला तीन पावसाळे. पन्हळी पाचोळ्याने तुंबल्या त्या कोणी साफ केल्या नाहीत. पाणी भिंतीत मुरलं. ती भिंत दगडाची आणि चुन्याची, तिला ओल घेता येते तशी सोडताही येते. त्यावर कोणीतरी हुशारी करून सिमेंटचा गिलावा चढवला, वर चकचकीत ऑइलपेंट लावला. म्हणजे घामाने भिजलेल्या माणसाला रेनकोट घातला. ओल आत कोंडली, चुना भुसभुशीत झाला, पापुद्रे सुटले. मग तज्ज्ञ बोलावला, त्याने पापुद्र्यांचे फोटो काढले आणि अहवालात लिहिलं: धोकादायक. उपाशी ठेवून ठेवून म्हातारीला हाडकुळी करायची आणि मग डॉक्टरला दाखवून म्हणायचं, बघा, हिच्यात आता काही राहिलेलं नाही!

डागडुजी परवडत नाही म्हणे. मूल्यांकनाची समिती येणार म्हटल्यावर काय काय परवडतं ते आवारातल्या शिपायाला विचारा. समिती सोमवारी येणार असेल तर शनिवारी रोपवाटिकेतून कुंड्यांचा ट्रक येतो. भाड्याच्या कुंड्या! झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे. फाटकापाशी 'आय लव्ह' असं लिहून पुढे लाल बदाम आणि कॉलेजचं नाव, सेल्फी काढायला. आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक. गेल्या वेळी बुंध्यापर्यंत असे गच्च ब्लॉक बसवले की पावसाचं पाणी मुळांपर्यंत न जाता गटारात जाऊ लागलं, आणि पुढल्या दोन वर्षांत रांगेतलं एक झाड उभ्या उभ्या वाळलं. समितीच्या अहवालात त्या वर्षी परिसराला चांगले गुण होते. बुधवारी कुंड्या परत गेल्या. तेव्हा पैसा नाही हे मला सांगू नका. पैसा आहे, फक्त तो शिडीवर चढून पन्हळ साफ करण्यात दिसत नाही. उद्घाटनाची फीत पन्हळीला बांधता येत नाही.

त्या निळ्या काचेबद्दलही एक शब्द, भूगोलाच्या माणसाचा. आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य जवळपास डोक्यावरून जातो. पुण्यात मेच्या मध्याला दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. दुपारनंतर तोच सूर्य पश्चिमेकडून तिरपा घुसतो. जुन्या इमारतीच्या गवंड्याला हे ठाऊक होतं. म्हणून पश्चिमेला खोल व्हरांडा आहे, भिंती दोन फुटी आहेत, छत उंच आहे, छताखाली झरोके आहेत की गरम हवा वरच्या वर निघून जावी. एप्रिलच्या दुपारी वीज गेली तरी मी त्या वर्गात शिकवत असे आणि मुलं झोपली तर ती माझ्या शिकवण्यामुळे, उकाड्यामुळे नव्हे. नव्या चित्रातली काच पश्चिमेकडेच तोंड करून आहे, कारण रस्ता तिकडे आहे. ऊन आत येईल आणि बाहेर जाणार नाही. मग एसी लागेल. एसीला वीज लागेल. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी वीज किती वेळ असते हे त्या चार गोऱ्या माणसांना कोणी सांगितलंय का?

आणि आता 'रिकामं मैदान'. मला खरा राग या शब्दाचा आहे.

पहाटे साडेपाचला या. पदाधिकारी आठला उठतात, त्यांना दिसणार नाही. अंधारात मैदानावर साठ-सत्तर पोरं-पोरी पळत असतात. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर धावावं लागतं, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. चुन्याने आखलेली ती चारशे मीटरची वाट. तिच्यावर चार फेऱ्या, घड्याळ मोबाइलचं, ओरडून सांगणारा मागच्या वर्षी नापास झालेला एखादा. त्यातली निम्मी आमच्या कॉलेजची नाहीत. कोणी दूध घालून आलेलं असतं, कोणी रात्रपाळी करून. यांना पळायला दुसरी जागा कुठली? हायवे? रस्त्याच्या कडेला पहाटे धावणाऱ्या पोरांना गाडीने उडवल्याची बातमी वर्तमानपत्रात कितीदा वाचायची? या मैदानावरून निघालेली पोरं आज निरनिराळ्या जिल्ह्यांत खाकी घालून उभी आहेत. त्यांच्यातला एकही त्या मेळाव्याच्या मंचावर नव्हता, बंदोबस्तात असेल.

सात वाजता ती पांगली की म्हातारी माणसं फेऱ्या मारतात. दुपारी मैदान खरोखर रिकामं असतं, कारण ऊन असतं, आणि दुपारी दोनला मैदानाची पाहणी करून ते रिकामं असल्याचा निष्कर्ष काढणारा माणूस मध्यरात्री बाजारात जाऊन म्हणेल की इथे काही विकलंच जात नाही. संध्याकाळी क्रिकेटचे चार सामने एकमेकांत घुसलेले. निवडणुकीला इथे गाड्या लागतात. २०१९ च्या पुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसं शाळा-कॉलेजांच्या आवारातच येऊन राहिली होती, तेव्हा कोणी 'शिक्षण चार भिंतींत नसतं' असं भाषण केलेलं ऐकिवात नाही.

पण माझं खरं भांडण मुलींसाठी आहे. आमच्याकडे वाड्यावस्त्यांवरून मुली एसटीने येतात, पास काढून. गाडी सकाळी साडेसातला सोडते, पहिला तास साडेनऊला. तास दीडला संपतात, परतीची गाडी साडेचारला. म्हणजे रोज पाच तास या मुलीला तालुक्याच्या गावात कुठेतरी 'असायचं' असतं. मुलाला चौक आहे, चहाची टपरी आहे, पानपट्टी आहे, मित्राची खोली आहे. मुलीने चौकात अर्धा तास उभं राहावं आणि तिच्या बापाला संध्याकाळी त्याचा फोन येऊ नये, असं गाव मला दाखवा. तिला दोनच जागा: एसटी स्टँड आणि कॉलेजचं आवार. म्हणून ती पर्जन्यवृक्षाच्या कट्ट्यावर बसते, व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसते. डबा खाते, मैत्रिणीची वही उतरवते, भांडते, उगीच हसते. आयुष्यात पहिल्यांदा आणि कित्येकींच्या बाबतीत शेवटचंच, काही काम नसताना, कोणाची परवानगी न घेता, मोकळ्या हवेत बसते. लग्नानंतर वीस वर्षांनी भेटलेल्या विद्यार्थिनी मला पाठ्यपुस्तकातलं काही सांगत नाहीत. "सर, तो कट्टा आहे का अजून?" एवढं विचारतात.

नव्या नकाशात तो कट्टा नाही. तिथे 'लॉबी' आहे, आत जायला ओळखपत्र दाबायचं यंत्र आहे, आणि नियम आहे की तास संपल्यावर पंधरा मिनिटांत बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, हे नकाशात नाही.

मुलं येतातच कुठे, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी २०२० साल आठवावं. सगळं मोबाइलवर होतं तेव्हा आमची मुलं रेंजसाठी टेकडीवर चढत होती, गोठ्याच्या पत्र्यावर बसत होती. कॉलेज उघडल्यावर पहिल्या दिवशी काही शिकवायला नव्हतं, तरी आवार भरलं होतं. याहून जास्त या मुद्द्यावर बोलण्यासारखं नाही.

राहिला तारुण्याच्या आठवणींचा टोमणा. माझ्या तारुण्यात या कॉलेजात मुलींसाठी एक स्वच्छतागृह होतं आणि त्याचं दार लागत नसे. जुन्या आवाराचे गोडवे गाणारे आम्ही पुरुष हे सोयीने विसरतो, तेवढं मला मान्य आहे. ते आजही धड झालेलं नाही. पण त्याला सात मजले लागत नाहीत. त्याला एक प्लंबर, एक कडी आणि थोडी लाज लागते. आठवणींसाठी भांडायचं असतं तर मी माझी बाकाची फळी उचलून घरी नेली असती, तिच्यावर माझं नाव कोरलेलं आहे. माझ्या आठवणींना जागा लागत नाही. साडेसातच्या गाडीने उद्या येणाऱ्या मुलीला लागते.

आणि म्हणून ते टाळ्यांचं वाक्य मला उलटं करून म्हणायचंय. ज्याच्या घरी अभ्यासाची खोली आहे, दाराशी गाडी आहे, क्लबात पोहायचा तलाव आहे, त्याच्यासाठी कॉलेज म्हणजे खुशाल माणसं, वाणी, ॲप, काय वाटेल ते असो. त्याला जागा आधीच मिळालेली आहे. पण दोन खोल्यांत सात माणसं राहणाऱ्या घरातून जी पोरं येतात त्यांच्यासाठी कॉलेज म्हणजे दगडच, विटाच, कट्टा, व्हरांडा, मैदान, नळाचं पाणी आणि सावली. कोणी हाकलणार नाही अशी त्यांच्या वाट्याची ती पहिली जमीन. ती विकताना निदान तत्त्वज्ञान तरी सांगू नका. गाळे काढायचेत म्हणा. ते प्रामाणिक होईल, आणि त्यावर भांडणही सरळ करता येईल.

पुढच्या महिन्यात ठराव सभेपुढे येणार आहे म्हणतात. माझी एकच सूचना आहे. सभा मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवा, दुपारी तीनला, जुन्या इमारतीच्या पश्चिमेच्या व्हरांड्यात. पंखे बंद ठेवले तरी चालतील. एसटीच्या मुलींना मी सांगून ठेवतो, त्या पायऱ्यांवर थोडं सरकून घेतील.